‘व्हायरस आलाय, फॉर्मॅट मारून दे’: त्याआधी करायच्या गोष्टी

रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली की माझा फोन वाजतो. कधी लोकमान्य नगरातून आत्याचा, तर कधी सुदामा नगरातल्या कुणा काकांचा, ज्यांना माझा नंबर आत्यानेच दिलेला असतो. वाक्य ठरलेलं: "कॉम्प्युटरला व्हायरस आलाय रे, जरा येऊन फॉर्मॅट मारून दे."

इंदूरभर असा फुकटचा वैद्य म्हणून फिरताना एक गोष्ट कळली. बहुतेक घरी व्हायरस नसतोच. आणि जिथे असतो तिथे लोक सगळं उलट्या क्रमाने करतात: आधी फॉर्मॅट, मग फोटोंची आठवण, आणि पासवर्ड बदलायचा विचार तर कुणाच्या मनातही येत नाही. आमच्याच घरी एकदा कॉम्प्युटर दुकानात दिला होता. दुसऱ्या दिवशी तो चकाचक होऊन आला, फक्त आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो त्यात राहिले नव्हते. दुकानदाराची चूक म्हणावी तर आम्हीच त्याला "फॉर्मॅट मार" असं सांगितलं होतं.

म्हणून हा लेख. विंडोजवाला घरगुती कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल, आणि तुम्हाला त्यातलं फारसं कळत नसेल, तरी यातलं बहुतेक सगळं तुमचं तुम्हाला करता येईल.

आधी बघा, व्हायरस आहे की शेव

शेवेचं खरंच सांगतोय. एका मावशींच्या कॉम्प्युटरवर अक्षरं आपोआप टाइप व्हायची. "कुणीतरी आत शिरलंय," असं त्यांचं म्हणणं. कीबोर्ड उलटा करून आपटला तर त्यातून एका वेळच्या पोह्यांना पुरेल इतकी शेव निघाली. स्पेसबारखाली जिरावणही, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसालाही, साचलेलं होतं. तेव्हा अक्षरं आपोआप उमटत असतील तर पहिल्यांदा कीबोर्डची वायर काढून बघा. वायर काढल्यावर थांबलं, तर दोष कीबोर्डचाच.

दुसरा नेहमीचा बळी म्हणजे घड्याळ. कुठलीही वेबसाइट उघडली की "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" असा लाल इशारा येतो, बँकेची साइट उघडत नाही, आणि घरात घबराट पसरते. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032 नावाचा. तो संपला की कॉम्प्युटर बंद केल्यावर तारीख विसरतो आणि मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसतो. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून तो कुरकुरतो. सेल बदला, तारीख नीट करा, ‘व्हायरस’ गेला.

आता हळू चालण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. कॉम्प्युटर सुरू केल्यावर बराच वेळ डिस्कचा रकाना 100 टक्क्यांवर अडकलेला दिसला आणि आत जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तुम्हाला अँटिव्हायरसची नाही, एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कची गरज आहे. आरएनटी मार्गावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत चक्कर मारा, जुन्या डिस्कवरचं सगळं नवीनवर उतरवून घ्या. हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर मात्र पुढचं काहीही न वाचता आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा. ती डिस्क शेवटचे श्वास घेत असण्याची शक्यता मोठी.

मे महिन्यात पंख्यात धूळ अडकून लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. पावसाळ्यात लाइट अचानक गेल्यावर पुढच्या वेळी सुरू होताना काळ्या पडद्यावर डिस्क तपासल्याचे आकडे दिसतात. दोन्हीत घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्यात पंखा साफ करायचा, दुसऱ्यात ती तपासणी पुरी होऊ द्यायची.

मग खरी लक्षणं कोणती? अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असतो आणि चालू केला तरी राहत नाही. टास्क मॅनेजर उघडताच मिटतो. बाकी सगळं उघडतं, पण अँटिव्हायरस कंपन्यांच्याच साइट उघडत नाहीत. सर्चमध्ये काही टाकलं की भलतंच पान येतं. तुम्ही न पाठवलेली मेल ओळखीच्यांना जाते. कॉम्प्युटर नुसता उघडा ठेवला तरी पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतो. ही शेवटची खूण मला फार आवडते: चोर कुणी बघतंय म्हटल्यावर साळसूद उभा राहतो तसं. तुमच्या मशीनवर कुणीतरी गुपचूप क्रिप्टोची नाणी पाडत असेल तर असं होतं.

पडद्यावर फोन नंबर आला तर

यावर जरा थांबतो, कारण घरातल्या ज्येष्ठांचे पैसे सगळ्यात जास्त इथे जातात.

एखादं भजन किंवा पंचांग शोधताना अचानक पूर्ण पडदा भरतो. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, भोंग्यासारखा आवाज, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा." माउस हलत नाही असं वाटतं. हा व्हायरस नाही. हे एक साधं वेबपान आहे, पूर्ण पडद्यावर पसरलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे एवढं एक वाक्य कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा, बहुधा पडदा लहान होतो. नाही झाला तर ऑल्ट आणि एफ फोर. तेही नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. काहीच सुचत नसेल तर पॉवरचं बटण धरून मशीन बंद केलं तरी चालेल. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर "मागची पानं उघडू का" असं विचारलं तर नाही म्हणा.

फोन केला असेल तर पलीकडचा माणूस फार गोड बोलतो. तो एनीडेस्कसारखं काहीतरी डाउनलोड करायला लावतो, म्हणजे तुमचा पडदा त्याच्या हातात जातो. मग काळ्या खिडकीत भराभर अक्षरं पळवून दाखवतो आणि "बघा किती व्हायरस" म्हणतो. (ती विंडोजची स्वतःच्याच फायलींची यादी असते.) इथपर्यंत गोष्ट गेली असेल तर लाजू नका. इंटरनेट ताबडतोब तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी अडवायचे असतात, त्यामुळे "उद्या सकाळी मुलाला विचारून करू" हे चालत नाही.

याच भावंडांतला एक सौम्य प्रकार म्हणजे कोपऱ्यात टिंग करून येणारे संदेश: "5 व्हायरस सापडले!" कधीतरी एखाद्या साइटने "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलं आणि तुम्ही घाईत हो म्हणालात, एवढंच झालेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे अनोळखी नावांची रांग दिसेल. एकेक काढून टाका. आत्याच्या कॉम्प्युटरवरून मी एकदा अशा साइट काढत बसलो होतो, तेवढ्या वेळात तिचा चहा करून झाला. त्यानंतर तिचा ‘व्हायरस’ परत आलेला नाही.

खरंच शंका असेल तर या क्रमाने

पहिलं काम: नेट तोडा. वायफाय बंद करा किंवा मागची निळी-पिवळी केबल काढा. आतला पाहुणा बाहेर काही पाठवत असेल तर ते थांबतं. कॉम्प्युटरला लावलेली बॅकअपची डिस्क आणि पेनड्राइव्हही काढा.

दुसरं काम कॉम्प्युटरवर नाहीच, फोनवर आहे. फोनमधून, मोबाइल डेटावर, ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. ईमेल आधी, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच दारातून बदलता येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. हल्ली बरेच व्हायरस ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच आत आलेले आहात याची साइटने ठेवलेली खूण) चोरतात, म्हणजे चोराला पासवर्ड लागतच नाही, उघड्या दारातून आत. म्हणून खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मेलमध्ये एखादा अनोळखी फॉरवर्डिंगचा पत्ता टाकलेला नाही ना, तेही बघा. संशयी कॉम्प्युटरवर बसून नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे नव्या कुलपाची किल्ली चोराच्याच हातात देणं.

तिसरं: गरजेचं सामान वेगळ्या डिस्कवर काढा. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या एक्सेल फायली. प्रोग्रॅम, सेटअप, गेम यांतलं काहीही घेऊ नका. इंदूरकरांना ओला आणि सुका कचरा वेगळा करायची सवय आहेच, इथेही डबे दोनच. एक खबरदारी: एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फायलींची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावामागची शेपटं, दिसतील असं करा. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं, आणि त्यामुळे ‘लग्नाचे फोटो डॉट जेपीजी’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘डॉट जेपीजी डॉट ईएक्सई’ निघू शकते. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम; शेवटी ईएक्सई असलेला फोटो जगात नसतो.

चौथं, तपासणी. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, हे माझं स्पष्ट मत. पुण्याचं क्विक हील हे अँटिव्हायरस अनेकांकडे असतं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या काटकर बंधूंची ती कंपनी, त्यामुळे आपल्याकडे त्याबद्दल जिव्हाळाही आहे. तेही चालेल. पण कायमची राखण एकाच अँटिव्हायरसकडे द्या. दोन ठेवले की ते एकमेकांच्याच अंगावर जातात आणि मशीन आडवं होतं.

स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ असं टाइप करा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा. व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी, अपडेट करायला नेट लागतं, तेव्हा तेवढ्यापुरतं जोडा, अपडेट झालं की पुन्हा तोडा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये चार पर्याय दिसतील. लोक क्विक स्कॅन करून थांबतात. तुम्ही आधी फुल स्कॅन लावा आणि राजवाड्याला जाऊन या, त्याला तास-दोन तास सहज लागतात. त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात कामाचा पर्याय. यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते. विंडोज चालू असताना जो व्हायरस स्वतःला लपवतो, तो या वेळी झोपलेला सापडतो. साधारण 15 मिनिटांचं काम. निकाल नंतर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतो.

डिफेंडर चालूच होऊ देत नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि आकड्यांच्या यादीतला 4. लॅपटॉप बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर मध्येच 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आधीच फोनवरून बघून लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये फक्त अत्यावश्यक गोष्टी चालतात, त्यामुळे पडदा मोठमोठ्या अक्षरांचा, कुरूप दिसेल. तसाच असतो तो. तिथून नको असलेले प्रोग्रॅम काढा आणि नेहमीच्या विंडोजमध्ये परतून डिफेंडर पुन्हा चालवून बघा.

दुसऱ्याचं मत हवं असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे. 2017 च्या फेब्रुवारीत ते सुरू झालं, म्हणजे ज्या वर्षी इंदूर पहिल्यांदा स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं त्याच वर्षी. त्यांच्या साइटवर बॉट (मशीन दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारे व्हायरस) काढायची साधनं फुकट मिळतात. एकेक संशयित फाइल तपासायची असेल तर व्हायरसटोटल ही साइट ती अनेक कंपन्यांच्या इंजिनांतून काढून दाखवते. तिथे आधार कार्ड किंवा बँकेचं स्टेटमेंट चढवू नका. ती फाइल इतर संशोधकांनाही दिसू शकते.

पाचवं, झाडलोट. सेटिंग्जमधली अॅप्सची यादी तारखेनुसार लावा. त्रास जेव्हापासून सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेलं काय आहे? बहुतेकदा तिथेच गुन्हेगार बसलेला असतो: पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, कूपनचं काहीतरी. काढून टाका. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तशीच. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये अनोळखी नावं बंद करा. बंद केल्याने काही पुसलं जात नाही, चुकलं तर परत चालू करता येतं. नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे तुमचं नेट आपल्याकडून वळवून नेणारा मधला टप्पा, कुणी लावून ठेवला असेल तर तोही काढा. आणि घरातल्या फोनवरही भलतीच पानं येत असतील तर दोष कॉम्प्युटरमध्ये नसून राउटरमध्ये असण्याची शक्यता आहे. राउटर रीसेट करा आणि त्याचा कंपनीकडून आलेला पासवर्ड बदला.

पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले

भंवरकुआँच्या बाजूला शिकणारी पोरं घरात असतील तर हा प्रकार तुम्हाला माहीत असणारच. नोट्सची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दहा मशीनना लागतो आणि येताना प्रसाद घेऊन येतो. सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात, त्यांना बाण असतो. त्यावर डबल क्लिक करू नका, तीच त्याची आत शिरायची वाट. तुमच्या फायली बहुतेक वेळा जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा असं करा, आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूणही काढा. विंडोज ओरडेल, त्याला हो म्हणा. आता पुसट दिसणारे तुमचे खरे फोल्डर कॉपी करून घ्या, पेनड्राइव्ह फॉर्मॅट करा, मग कॉम्प्युटर तपासा. काम झाल्यावर ती खूण परत लावायला विसरू नका. यापुढे प्रिंटची पीडीएफ मेलने पाठवलेली बरी.

फायली उघडतच नाहीत, आणि एक चिठ्ठी आहे

प्रत्येक फाइलच्या नावाला विचित्र शेपूट लागलंय आणि पैशांची मागणी करणारी चिठ्ठी आहे, तर तो रॅन्समवेअर. नेट तोडा, काहीही पुसू नका, पैसे देऊ नका. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइट सुरू केली. तिथे चिठ्ठी आणि एखादी बंद झालेली फाइल दिली की कोणता प्रकार आहे ते कळतं, आणि चावी सापडलेली असेल तर फुकट मिळते. प्रत्येक प्रकाराची असतेच असं नाही. आज नसली तरी त्या फायली एखाद्या डिस्कवर ठेवून द्या, काही वेळा चावी नंतर हाती लागते.

हे घरात आलं कुठून, याचं उत्तर बहुतेकदा घरातच असतं. "भिया, फोटोशॉपचा क्रॅक टाकला होता, त्यात अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं." भाच्याचं वाक्य आहे हे. जो प्रोग्रॅम बसवण्यासाठी राखणदाराला घरी पाठवायला सांगतो, त्याला आपण घरात घेतोच कसे? मराठी टायपिंगसाठीही लोक कुठून कुठून काय काय उतरवतात. अरे, विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड 2019 पासून आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडा, काही उतरवावं लागत नाही.

एवढं करूनही शंका उरली तर

तेव्हा खुशाल फॉर्मॅट करा. रिकव्हरीमध्ये ‘रीसेट धिस पीसी’ आहे. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि ‘क्लाउड डाउनलोड’, म्हणजे विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडून ताजं येईल. सुमारे 4 जीबी डेटा जातो, फोनच्या हॉटस्पॉटवर करत असाल तर हे लक्षात ठेवा. अजून विंडोज 10 वर असाल तर त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आहेत. फॉर्मॅटची मेहनत करायचीच आहे तर मशीनला झेपत असल्यास विंडोज 11 वरच जा.

नव्या विंडोजवर आधी सगळे अपडेट घ्या. मुलांसाठी वेगळं साधं खातं उघडा, अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. फोटो परत चढवण्याआधी ती डिस्क स्कॅन करा. बॅकअपची डिस्क महिन्यातून एकदा लावायची, काम झालं की काढून कपाटात.

हे स्वतः करायचं नसेल आणि दुकानात द्यायचं असेल, तर कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी चिकटवून द्या आणि तिचा फोटो काढून ठेवा: "फोटो व डॉक्युमेंट्स आधी वेगळ्या डिस्कवर काढणे. मला दाखवल्याशिवाय फॉर्मॅट करू नये. क्रॅक विंडोज टाकू नये. जुनी हार्ड डिस्क बदलल्यास परत देणे." आजीच्या फोटोंनंतर आमच्या घरातून एकही मशीन या चार ओळींशिवाय बाहेर पडलेलं नाही.